छापा पडतो तेव्हा पंच कोण असतो?

(युवक-युवती शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला ‘कायदा आणि तरुण’ असा ऐसपैस विषय दिला होता. मी त्यातला एकच कोपरा निवडला आहे. आपल्याकडे त्याबद्दल कुजबुज होते, उघडपणे कुणी बोलत नाही. देहविक्रयाविरुद्धचा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो, त्याबद्दल आज बोलू.

आधी एक सांगून टाकतो. मी वकील नाही, आलिम नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर कोड लिहितो आणि दुसऱ्यांच्या कोडमध्ये कुठे काय बिनसलंय ते शोधतो. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी एका वकील मैत्रिणीला मदत करतो. ती मोफत कायदेशीर मदतीची प्रकरणं लढते. माझं काम साधं आहे. न्यायालयांच्या संकेतस्थळावरून आदेश उतरवून घ्यायचे आणि तक्ता भरायचा : कोणतं कलम, कोणाला अटक, कोणाला जामीन, पुढे काय झालं. या कामात एक कायदा माझ्यासमोर सारखा येत राहिला. पोलीस ठाण्यात आणि वर्तमानपत्रांत त्याला ‘पिटा’ म्हणतात. पूर्ण नाव अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६.

आता मला हात वर करून सांगा, भारतात वेश्याव्यवसाय हा गुन्हा आहे असं किती जणांना वाटतं?

बघा, जवळजवळ सगळेच हात वर आहेत. तुमचा दोष नाही. वर्तमानपत्रातली बातमी वाचून कोणालाही तसंच वाटेल.

कायद्यात मात्र तसं लिहिलेलं नाही. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं, खाजगीत, पैसे घेऊन संबंध ठेवले तर तेवढ्यासाठी शिक्षा सांगणारं एकही कलम या कायद्यात नाही. गुन्हे आहेत ते त्याच्या अवतीभवतीचे. कुंटणखाना चालवणं, कलम ३. दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणं, कलम ४. या धंद्यासाठी कुणाला आणणं, पळवणं, फूस लावणं, कलम ५. कोंडून ठेवणं, कलम ६, आणि त्याला किमान सात वर्षांची शिक्षा. प्रार्थनास्थळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय अशा ठिकाणांपासून दोनशे मीटरच्या आत धंदा करणं, कलम ७. आणि रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावणं, कलम ८.

कागदावर बघितलं तर हेतू स्पष्ट दिसतो. जो विकतो, कोंडतो, लुबाडतो त्याला पकडा. जी लुबाडली जाते तिला सोडवा. १९८६ च्या दुरुस्तीनंतर तर व्याख्याच बदलली. आता या कायद्यात ‘वेश्याव्यवसाय’ म्हणजे व्यापारी हेतूनं होणारं लैंगिक शोषण.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते. आराखड्यात काय लिहिलंय आणि प्रोग्रॅम चालवल्यावर तो काय करतो, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. प्रोग्रॅम बिघडला की आम्ही आराखड्याची तारीफ करत बसत नाही. तो चालवून बघतो. चला, आपणही हा कायदा चालवून बघू.

सुरुवात बातमीपासून करू. ‘बनावट गिऱ्हाईक पाठवून छापा, दलाल ताब्यात, चार महिलांची सुटका.’ अशी बातमी तुम्ही कितीदा तरी वाचली असेल. ‘सुटका’ हा शब्द लक्षात ठेवा. सुटका झालेली बाई त्या रात्री कुठे जाते? घरी जात नाही. आधी पोलीस ठाणं, मग वैद्यकीय तपासणी, मग दंडाधिकारी, आणि तिथून कलम १७ खाली सुधारगृह. चौकशी चालू असताना तीन आठवड्यांपर्यंत, आणि चौकशीनंतर दंडाधिकाऱ्यांना आवश्यक वाटलं तर किमान एक ते कमाल तीन वर्षं. तिच्यावर गुन्हा नसतो. आरोपपत्रात ती पीडित असते. पण दाराला कुलूप असतं आणि किल्ली तिच्याकडे नसते.

दलालाचं काय होतं? त्याच्याकडे वकील असतो. तो जामिनावर सुटतो. खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात. तोवर पीडित बाई गाव बदलून गेलेली असते, बनावट गिऱ्हाईक साक्षीला येत नाही, पंच फितूर होतो. आरोपी ‘संशयाचा फायदा देऊन’ सुटतो. मी वाचलेल्या आदेशांत हे वाक्य इतक्या वेळा आलंय की आता ते न वाचताच पुढे सरकतो.

एक उदाहरण नीट बघू, कारण ते मुंबईतलं आहे आणि त्याचा निकाल कोणालाही वाचता येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये मालाडच्या एका गेस्ट हाऊसवर बनावट गिऱ्हाईक पाठवून छापा पडला. तीन तरुणी ताब्यात घेतल्या. वयं वीस, बावीस आणि तेवीस. तिघी सज्ञान. त्यांच्यावर कोणताही गुन्हा नाही. त्यांच्या आया त्यांना घ्यायला आल्या. दंडाधिकाऱ्यांनी ताबा नाकारला. का? परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल होता की या मुली ज्या समाजाच्या आहेत, त्या समाजात मुलींना या धंद्यात पाठवण्याची रूढी आहे. म्हणून आईबापांकडे देणं सुरक्षित नाही. त्यांना एक वर्षासाठी उत्तर प्रदेशातल्या वसतिगृहात पाठवा, असा आदेश झाला. सत्र न्यायालयानं तो कायम केला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. वेश्याव्यवसाय हा स्वतःमध्ये या कायद्याखाली गुन्हा नाही. आणि सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध असं डांबून ठेवता येत नाही, कारण कुठे राहायचं, कुठे जायचं, काय काम करायचं हे ठरवण्याचा मूलभूत हक्क तिला आहे.

न्याय झाला, पण एक वर्षानं. त्या वर्षात त्या मुलींनी काय केलं होतं, हा प्रश्न महत्त्वाचा राहिलाच नाही. त्या कोणत्या समाजात जन्मल्या, हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला. माणूस कोणत्या समाजाचा आहे यावरून त्याचा संशय घेणं म्हणजे काय, हे या सभागृहात मला समजावून सांगायची गरज नाही.

तुम्हाला वाटेल, उच्च न्यायालयानं सांगितल्यावर विषय संपला असेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलुंडमध्ये छापा पडला. चौतीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई. दंडाधिकाऱ्यांनी तिला वर्षभर निवारागृहात ठेवण्याचा आदेश दिला. मे महिन्यात सत्र न्यायालयानं तिला सोडलं. म्हणजे तोच प्रश्न, तोच कायदा, तेच शहर, आणि प्रत्येक बाईला तेच उत्तर पुन्हा नव्यानं मिळवावं लागतं. जिला वकील मिळतो तिला ते मिळतं.

आता मुख्य प्रश्न. असं का होतं? सगळे पोलीस वाईट असतात म्हणून? मला हे उत्तर फार सोपं वाटतं. अल्पवयीन मुलीला सोडवण्यासाठी रात्रंदिवस राबलेले अधिकारीही आहेत, आणि त्यांच्यामुळे वाचलेल्या मुलीही आहेत. कारण वेगळं आहे. ज्याची मोजदाद होते तेच काम होतं. आमच्या कंपन्यांत किती ‘तिकिटं’ बंद केली यावर टीमचं मूल्यमापन झालं की टीम सोपी तिकिटं आधी बंद करते. अवघड बिघाड तसाच राहतो. इथेही छापे मोजले जातात, सुटका मोजल्या जातात. बंगालच्या किंवा कर्नाटकाच्या गावातून मुंबईपर्यंतची साखळी शोधायला महिने लागतात, दुसऱ्या राज्यात जावं लागतं, बँकेचे व्यवहार तपासावे लागतात. कोपऱ्यावर उभी असलेली बाई एका संध्याकाळी सापडते. तिच्यावर कलम ८ लागतं, किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ११०, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. दंड भरते, सुटते, दुसऱ्या दिवशी तिथेच उभी राहते, कारण आता तो दंडही कमवायचा असतो.

आणि कायद्यातच काही गोष्टी अशा आहेत की बोजा तिच्यावरच पडतो. कलम ८ बघा. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाच गुन्हा पुरुषानं केला तर कमाल तीन महिने. कुंटणखान्याची व्याख्या बघा. दोन बायका स्वतःच्या सुरक्षेसाठी एकत्र खोली घेऊन धंदा करत असतील, तर परस्परांच्या फायद्यासाठी वापरलेली ती जागाही कुंटणखानाच. म्हणजे एकटी राहिली तर मार खाण्याची भीती, दोघी राहिल्या तर कलम ३ ची भीती. कलम ४ बघा. तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरचा कोणीही गुन्हेगार. दलालाला पकडायला हे कलम केलं, पण शब्द असे आहेत की आईच्या पैशांवर कॉलेजात शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही त्यात सापडू शकतो. घरमालकालाही शिक्षा आहे, म्हणून सरळ घरमालक तिला जागा देत नाही. जो देतो तो दुप्पट भाडं घेतो आणि करारनामा करत नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून रेशनकार्ड नाही.

सांगलीची ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून या बायकांमध्ये काम करते. तिथल्याच बायकांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ नावाची संघटना आहे. २०१८ साली संग्रामनं महाराष्ट्रात छाप्यांतून ‘सुटका’ झालेल्या २४३ बायकांशी बोलून अहवाल काढला. त्यातल्या १९३ जणींनी सांगितलं की आम्ही आमच्या मर्जीनं हे काम करत होतो, आम्हाला सोडवा असं आम्ही म्हटलं नव्हतं. ‘मर्जी’ या शब्दावर तुम्ही वाद घालू शकता. भुकेपुढे मर्जी कसली, असं विचारू शकता. विचारायलाच हवं. पण मग भुकेचं उत्तर कुलूप कसं होईल, हेही विचारा.

आता मी आज जे सांगायला आलोय तिथे येतो. आपण समजतो की कायदा म्हणजे पोलीस आणि न्यायालय, आपला संबंध नाही. हा कायदा जरा वेगळा आहे. यात तुमच्यामाझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

कलम १५ म्हणतं, छापा घालण्याआधी अधिकाऱ्यानं त्या वस्तीतल्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावं, त्यात किमान एक स्त्री असावी. कलम १७ म्हणतं, दंडाधिकारी मदतीसाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचं मंडळ बोलावू शकतात, त्यात शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात. कलम ७ खाली पोलीस आयुक्त एखादी जागा अधिसूचित करतात, ते बहुतेक वेळा वस्तीच्या तक्रारींवरून. कलम २० खाली बाईला एखाद्या भागातून हद्दपार करता येतं, त्याची सुरुवातही कुणीतरी दिलेल्या माहितीवरून होते. प्रत्येक पायरीवर ‘प्रतिष्ठित’ माणूस उभा आहे. पाटी दाखवून प्रतिष्ठित होता येत नाही. ते आपणच असतो. मशिदीच्या कमिटीतले चाचा, हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी, क्लास चालवणारे सर, आणि उद्या तुम्ही.

हे आजचं नाही. कायदा १ मे १९५८ रोजी अमलात आला. त्याच दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयात हुस्ना बाई नावाची चोवीस वर्षांची तरुणी उभी राहिली. मी वेश्या आहे, आणि हा कायदा माझ्या पोटावर पाय देतो, राज्यघटनेनं मला व्यवसायाचं स्वातंत्र्य दिलंय, असं तिनं न्यायमूर्ती जगदीश सहाय यांच्यासमोर मांडलं. घटना लागू होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. तिची याचिका फेटाळली गेली, कारण तिच्यावर अजून कारवाईच झालेली नव्हती. पुढे कोल्हापूरची एक बेगम मुंबई उच्च न्यायालयात गेली. शाळेजवळ धंदा करते अशा तक्रारींवरून तिला शहराबाहेर काढलं होतं. समानता, व्यवसाय आणि फिरण्याचं स्वातंत्र्य, तिन्ही हक्क तिनं मागितले. मग कानपूरच्या बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कलम २० वैध ठरवलं. हद्दपारीची तरतूद आजही आहे.

आपल्या समाजातल्या शिकलेल्या घरांतही तेव्हा घटनेची कलमं किती जणांना माहीत असतील? या बायकांना माहीत होती. त्यांची नावं आपल्या इतिहासात कुठेच येत नाहीत.

जवळचं उदाहरण नागपूरचं. ऑगस्ट २०२१ मध्ये इतवारीजवळची गंगाजमुना वस्ती पोलिसांनी अडथळे लावून बंद केली. आसपास प्रार्थनास्थळं आणि शाळा आहेत, म्हणून कलम ७. बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांचा प्रश्न साधा होता : आम्ही जायचं कुठे? जुन्या दाट शहरात दोनशे मीटरच्या आत मंदिर, मशीद, शाळा, दवाखाना यांपैकी काही नाही असा चौक मला नकाशावर शोधून दाखवा. मी पुण्याच्या मध्यवस्तीचा नकाशा उघडून प्रयत्न केलाय. दोनशे मीटरची वर्तुळं काढत गेलं की ती एकमेकांत मिसळून जातात. म्हणजे हे कलम कधीही, कुठेही लावता येतं. जे कधीही लावता येतं ते केव्हा लावायचं, हे तक्रार करणारा ठरवतो. कधी कधी जागेचा भावही ठरवतो.

आता माझ्या ओळखीच्या एका मोहल्ल्यातली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. एका इमारतीत तीन बायका भाड्यानं राहायच्या, त्यांच्याबरोबर एक मुलगी. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला, ‘आपल्या बिल्डिंगमध्ये गलत काम चालतं.’ पोरांनी घरोघरी फिरून सह्या घेतल्या. सगळं उरकल्यावर एका मित्रानं मला तो अर्ज दाखवला. चाळीसेक सह्या होत्या. अर्जात काय होतं? रात्री उशिरा रिक्षा येतात. मस्जिद जवळ आहे. आमच्या बहिणी-लेकींवर परिणाम होतो. मोहल्ल्याचं नाव खराब होतं. मी मित्राला विचारलं, ती मुलगी केवढी होती? तो म्हणाला, पंधरा-सोळाची असेल. अर्जात तिचा उल्लेख नव्हता. चाळीस जणांनी सह्या केल्या आणि ज्या एका गोष्टीसाठी खरंच पोलिसांना फोन करायला हवा होता, ती एका ओळीतही लिहिलेली नव्हती.

पोलीस आले, घरमालकाला दम दिला. रातोरात टेम्पो आला, सामान गेलं. मोहल्ल्यात मिठाई वाटली नाही इतकंच. ती मुलगी कुठे गेली? कोणालाच माहीत नाही. खोलीत आता दुसरे भाडेकरू आहेत. इज्जत वाचली असं सगळे म्हणतात. कोणाची?

यावर दोन आक्षेप येतील, ते मीच मांडतो.

पहिला. ‘भाई, हे हराम आहे. तुम्ही त्याची वकिली करताय.’ मी हरामला हलाल म्हणायला आलेलो नाही. पण सूरह नूरची तेहतिसावी आयत अर्थासकट वाचा. तिथे ताकीद कोणाला आहे? जो दुनियेच्या फायद्यासाठी आपल्या ताब्यातल्या बायकांना या धंद्यात ढकलतो, त्याला. आणि जिच्यावर जबरदस्ती झाली तिच्यासाठी त्याच आयतीत माफी आणि दया आहे. त्याच सूरहच्या सुरुवातीला पाकदामन बाईवर आरोप करणाऱ्याकडे चार साक्षीदार मागितले आहेत, आणि ते आणले नाहीत तर शिक्षा आरोप करणाऱ्याला आहे. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्यांच्या खाजगी गोष्टी हुडकत फिरण्याची मनाई आहे. आता व्हॉट्सॲपवरचा तो अर्ज या तिन्ही कसोट्यांवर घासून बघा. पापाचा हिशोब अल्लाहकडे आहे. आपल्याकडे हिशोब एवढाच आहे की कुणावर जुलूम होतोय का, आणि आपण त्यात सामील आहोत का.

दुसरा आक्षेप. ‘मग मुलींची तस्करी चालू द्यायची का?’ अजिबात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत ‘मर्जी’ हा शब्दच लागू होत नाही. तिथे पोक्सो लागतो आणि तिला बालकल्याण समितीसमोर न्यायचं असतं. माणसांची खरेदी-विक्री, फसवून आणणं, डांबणं याला भारतीय न्याय संहितेत कलम १४३ आहे आणि शिक्षा कडक आहे. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’सारख्या संस्थेनं उच्च न्यायालयात जाऊन मोठी गोष्ट मिळवली. दलालाचा वकील त्याच खटल्यात पीडितेचा वकील म्हणून उभा राहू शकत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. विचार करा, हे वेगळं सांगावं लागलं! खरी लढाई इथे आहे. सज्ञान बाईमागे धावण्यात जितकी ताकद जाते, तितकी या लढाईतली कमी होते.

आणि आपल्या काळजीची आणखी एक गोष्ट. छाप्यात बंगाली बोलणारी मुस्लिम बाई सापडली की पहिला प्रश्न असतो, ‘बांगलादेशी का?’ बंगालमध्ये करोडो भारतीय मुसलमान राहतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि समजा ती खरंच सीमेपलीकडून फसवून आणलेली असली तरी? केंद्रीय गृह मंत्रालयानं १ मे २०१२ रोजी सगळ्या राज्यांना कळवलं आहे की तपासात परदेशी बाई तस्करीची बळी आहे असं दिसलं तर तिच्यावर तेव्हाच्या परकीय नागरिक कायद्याखाली खटला चालवू नये. ज्याला ही सूचना माहीत आहे असा एक माणूस त्या रात्री ठाण्यात असला, तर ती बाई आरोपी होते की पीडित, हे बदलू शकतं.

सर्वोच्च न्यायालयाबद्दलही गैरसमज आहे. १९ मे २०२२ च्या आदेशानंतर ‘वेश्याव्यवसाय कायदेशीर झाला’ असे मेसेज फिरले. तसं काही झालेलं नाही. न्यायमूर्ती नागेश्वर राव यांच्या पीठानं समितीच्या काही शिफारशी तातडीनं लागू केल्या. या बायकांशी पोलिसांनी सन्मानानं वागावं. सुधारगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना सोडावं. निरोध हा गुन्ह्याचा पुरावा समजू नये. छाप्याच्या बातमीत बाईची ओळख उघड करू नये. त्यांना आधार कार्ड द्यावं, आणि नोंदणी क्रमांकात त्यांचं काम ओळखू येईल असा कोणताही कोड घालू नये. हा शेवटचा मुद्दा मला माझ्या धंद्यामुळे फार आवडला. एका रकान्यातला एक अंक माणसाला आयुष्यभर चिकटू शकतो, हे न्यायालयाला कळलं. पण ‘छाप्यात सज्ञान, राजीखुशीनं काम करणाऱ्या बाईला अटक करू नये’ ही शिफारस मात्र अडकली, कारण तिच्यावर केंद्र सरकारनं हरकत घेतली होती.

तर मग आपण काय करायचं? पाच गोष्टी सांगतो, लिहून घ्या.

एक. सह्यांचा अर्ज आला की सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. कोणी अठराच्या आतलं आहे का? कोणाला कोंडलंय, मारहाण होतेय का? पैसे तिसराच कोणी घेतोय का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ वाटत असेल तर अर्ज बाजूला ठेवा आणि लगेच फोन करा. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तुमची तक्रार फक्त त्यांच्या राहणीबद्दल आहे. त्यासाठी कोणाला बेघर करू नका.

दोन. पंच म्हणून बोलावलं तर जा. लेखी आदेश देऊन बोलावलेलं असताना सबळ कारणाशिवाय नकार देणं हाही गुन्हा आहे. पण डोळे उघडे ठेवून जा. छाप्याबरोबर किमान दोन महिला पोलीस असायला हव्यात, त्या आहेत का बघा. बायकांची विचारपूस बाईच करतेय का बघा. पंचनामा पूर्ण वाचा. जे पाहिलं नाही त्यावर सही करू नका, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. इथे बसलेल्या बहिणींनो, कायद्याला एक स्त्री पंच हवीच असते, आणि ती त्याच वस्तीतली असायची अटही नाही. ती जागा तुमची आहे.

तीन. व्हिडिओ काढू नका, आलेला पुढे पाठवू नका. ओढणीनं तोंड झाकलेल्या बाईचा फोटो ही बातमी नसते.

चार. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर फोनमध्ये ठेवा. बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. कलम १७ च्या पहिल्या तारखेला वकील उभा असला तर ‘मी सज्ञान आहे, मला सुधारगृहात जायचं नाही’ हे ती न्यायालयासमोर मांडू शकते. नाहीतर ते मांडायला वर्ष जातं.

पाच. तुमच्यातले जे इंजिनिअरिंग, लॉ, समाजकार्य शिकताहेत त्यांनी आपल्या जिल्ह्यातले या कायद्याचे आदेश वाचायला घ्या. ते सार्वजनिक आहेत. छापे किती, हे प्रेस नोटमध्ये मिळतं. दलालांना शिक्षा किती झाल्या, हे कुणीतरी मोजायला हवं. तेही मोजलं जायला लागलं की काम तिकडे वळेल.

कायद्यात ‘प्रतिष्ठित’ या शब्दाची व्याख्या कुठेच दिलेली नाही. मी शोधली, सापडली नाही. म्हणजे ती आपण आपल्या वागण्यानं भरायची आहे. आजवर आपण ती ‘ज्याच्या मोहल्ल्यात अशा बायका राहत नाहीत तो’ अशी भरली. पुढच्या वेळी अर्ज तुमच्या हातात येईल. तेव्हा आधी त्या घरातल्या मुलीचं वय विचारा.

आता प्रश्न घेऊ.